न पाहतां केलेली सही

प्राध्यापकाच्या आयुष्यांत व्याख्यानांपेक्षां सह्यांचीच संख्या मोठी असते, असें म्हटल्यास आमच्या व्यवसायबंधूंनीं रागावूं नये. हजेरीपट, गुणपत्रकें, वर्तणुकीचे दाखले, सहलींचे हिशेब, ग्रंथालयाच्या मागण्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रमाणपत्रांच्या नकला, या सर्वांच्या खालीं आम्ही तीस वर्षें आपलें नांव लिहीत आलों आहों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्ही प्रत्येक कागद वाचून मगच सही करीत असूं. पांचव्या वर्षीं नुसता मथळा वाचूं लागलों. दहा वर्षें झाल्यावर कागद कोणीं आणला आहे एवढेंच पाहूं लागलों. शिपाई ओळखीचा असला म्हणजे कागदहि ओळखीचा वाटे. या हजारों सह्यांपैकीं आज आम्हांस एकच स्पष्ट आठवते. ती करण्यापूर्वीं आम्हीं कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. म्हणूनच तिची आठवण सुखाची नाहीं.

गोष्ट सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची. त्या वेळीं आमची नेमणूक देशावरच्या एका जिल्ह्याच्या गांवीं, तेथील सरकारी कॉलेजांत होती. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वाचकांनीं आपापल्या गांवाचें नांव तेथें घालून वाचावें, फारसें चुकणार नाहीं. त्या गांवांत एक जुनें धर्मादाय इस्पितळ होतें. दगडी इमारत, ओसरीच्या भिंतींत देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, आंगणांत एक विस्तीर्ण कडुलिंब, आणि त्या कडुलिंबाखालीं भाकरीचीं फडकीं सोडून बसलेले रोग्यांचे नातलग, असा त्याचा थाट होता. गांवास या संस्थेचा अभिमान होता, आणि तो अस्थानीं नव्हता. तेथें कित्येकांचे प्राण वांचले होते. आमच्या मातोश्रींच्या डोळ्याचा मोतीबिंदु तेथेंच काढला होता, आणि बिलहि आमच्या अपेक्षेपेक्षां पुष्कळच कमी आलें होतें.

धर्मादाय इस्पितळांना सरकाराकडून अनेक सवलती मिळतात; त्यांच्या बदल्यांत त्यांनीं गरिबांकरितां कांहीं करावें अशी कायद्याची अपेक्षा असते. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणें महाराष्ट्रांतील अशा इस्पितळांनीं शेंकडा दहा खाटा निर्धन रोग्यांना मोफत आणि आणखी शेंकडा दहा खाटा दुर्बल घटकांतील रोग्यांना सवलतीच्या दरानें द्यावयाच्या असतात; आणि इतर रोग्यांच्या बिलांतून शेंकडा दोन इतकी रक्कम निर्धन रोग्यांच्या निधींत टाकावयाची असते. योजना चांगली आहे. परंतु आमच्या गांवच्या इस्पितळांत मोफत खाटेवर निजलेल्या रोग्याच्या नातलगाच्या हातीं रोज एक पांढरी चिठ्ठी पडे. सलाइन दोन बाटल्या, हातमोजे, टांक्यांचा दोरा, सुया, बाहेरून आणणें. समोरच्या दुकानांत तें सर्व मिळत असे. खाट फुकट होती. तिच्यावर पडून बरें होण्याचे मात्र पैसे पडत.

हें सर्वांस ठाऊक होतें, आणि सर्वांस ठाऊक असलेल्या गोष्टीची चौकशी होत नसते. ती झाली एका हिशेबतपासनिसामुळें. ज्या रोग्याला मंगळवारीं घरीं सोडलें होतें, त्याच्या नांवावर गुरुवारीं दोन सलाइनच्या बाटल्या खर्चीं पडल्या असल्याचें त्याला साठावहींत दिसून आलें. त्यानें पुढें पाहिलें, तेव्हां असे रोगी एक नव्हे, अनेक निघाले. निर्धनांच्या निधींतून औषधें विकत घेतलेलीं दिसत होतीं, तीं रोग्यांना दिलेलींहि दिसत होतीं, आणि रोगी मात्र समोरच्या दुकानांत उभे होते. स्थानिक पत्रांत चार ओळी छापून आल्या आणि विश्वस्तांनीं एक चौकशी-समिति नेमली. एक सेवानिवृत्त वरिष्ठ अधिकारी अध्यक्ष, एक नामांकित वकील, आणि निःपक्षपाती व सुशिक्षित म्हणून आम्ही, असे तिचे तिघे सभासद होते. आमच्या निवडीचें आम्हांस त्या वेळीं मोठें भूषण वाटलें. घरीं येऊन आम्हीं तें मंडळींस सांगितलें तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, “इंग्रजी शिकवणाऱ्यांना औषधांतलें काय कळतं?” आम्हीं त्यांस समजावलें कीं, प्रश्न औषधांचा नसून सचोटीचा आहे.

समितीच्या चार बैठका झाल्या. चिटणीस म्हणून इस्पितळाच्या व्यवस्थापकांचीच योजना केली होती, कारण कोणता कागद कोठें आहे हें त्यांनाच माहीत होतें. कोणता कागद कोठें नाहीं हेंहि त्यांनाच माहीत असणार, हा विचार आमच्या मनांत त्या वेळीं आला नाहीं. प्रत्येक बैठकींत उत्तम शिरा व चहा येत असे. अकरा साक्षी झाल्या. अकराहि साक्षीदार इस्पितळाचे नोकर होते. खिडकींतून कडुलिंब दिसत होता. त्याच्याखालच्या चार माणसांना बोलावून विचारावें, असें आम्हीं एकदां सुचविलें. वकीलसाहेब हंसून म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, तीं माणसं आज आहेत, उद्यां नाहींत. त्यांचं म्हणणं पुराव्यांत टिकायचं नाहीं.” आम्हांस हें पटलें. विद्वान माणसास व्यवहारी माणसाचें बोलणें फार लौकर पटतें. न पटल्यास आपण अव्यवहारी ठरूं, अशी त्याला भीति असते.

शेवटची साक्ष स्टोअरकीपरची झाली. पन्नाशीच्या आंतबाहेरचा, बारीक अंगाचा, बुशकोटाच्या खिशांत दोन पेनें लावणारा तो गृहस्थ होता. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. माल आलेला नसतां बिलांवर ‘माल मिळाला’ असें लिहून आपण सह्या केल्या, हें त्यानें पहिल्याच प्रश्नांत कबूल केलें. कां केल्या, असें अध्यक्षांनीं विचारतां तो म्हणाला, “वरून बिलं येत. सही करून लगेच पाठव म्हणत.” वरून म्हणजे कोठून, हा पुढचा प्रश्न होता. स्टोअरकीपरनें टेबलाच्या टोंकाशीं बसून साक्षी लिहून घेणाऱ्या चिटणिसांकडे पाहिलें, मग खालीं फरशीकडे पाहिलें, आणि आठवत नाहीं असें सांगितलें. आठवत नाहीं, असें लिहिलें गेलें.

याच बैठकींत एक गोष्ट आमच्या नजरेस पडली. खरेदीच्या बस्त्यांत तीन व्यापाऱ्यांचीं दरपत्रकें होतीं. निरनिराळ्या तीन गांवांचे हे व्यापारी. छापील मथळे निराळे, शाई निराळी. नियमाप्रमाणें तीन दर मागवून सर्वांत कमी दराच्या व्यापाऱ्याला काम दिलेलें होतें. परंतु तिन्ही दरपत्रकांत सातव्या क्रमांकावर हातमोज्यांच्या इंग्रजी शब्दांत एकच अक्षर गळलेलें होतें, आणि तिन्हींत अकरावा क्रमांक दोनदां आलेला होता. तोंवर आमचीं पंधरा वर्षें उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलीं होतीं. बरोबर उत्तरें दहा मुलांचीं सारखीं असूं शकतात. चुका सारख्या असल्या म्हणजे एकानें लिहिलें आणि बाकीच्यांनीं उतरविलें, हें परीक्षकास निराळें सांगावें लागत नाहीं. तीन व्यापाऱ्यांचीं पत्रें एकाच हातानें, एकाच यंत्रावर तयार केलेलीं होतीं. म्हणजे स्पर्धा झालीच नव्हती. स्पर्धेचें नाटक झालें होतें. आणि स्टोअरकीपरच्या हातीं हीं पत्रें कधींच येत नसत.

आम्हीं तीं पत्रें अध्यक्षांपुढें ठेवलीं. त्यांनीं चष्मा लावून तीं पाहिलीं, आणि त्यांना तें दिसलें, याविषयीं आम्हांस आजहि शंका नाहीं. क्षणभर थांबून ते म्हणाले, “आपली कार्यकक्षा काय आहे, तें पाहा.” विश्वस्तांच्या ठरावांत ‘साठावहींतील तुटीची जबाबदारी निश्चित करणें’ एवढेंच शब्द होते. तूट वहींत होती. वही स्टोअरकीपरची होती. खरेदी हा विषय ठरावांत कोठेंच नव्हता. वकीलसाहेब म्हणाले कीं, कक्षेबाहेर गेल्यास सर्व अहवालच रद्द ठरण्याचा संभव आहे. अध्यक्षांनीं आणखी एक गोष्ट हळूच सांगितली. संस्था आपल्या वाडवडिलांनीं उभारलेली आहे. तिची अब्रू गेली तर देणग्या बंद होतील आणि अखेर हाल गरिबांचेच होतील. अध्यक्ष वयानें, मानानें वडील, संस्था गांवाची, आणि आम्ही परगांवचे. दरपत्रकें बस्त्यांत परत गेलीं. पुढच्या शनिवारीं अहवाल टंकलिखित होऊन आला. त्यांतील एकहि वाक्य खोटें नव्हतें. स्टोअरकीपरनें न पाहतां सह्या केल्या, त्यामुळें तूट झाली, तो जबाबदार आहे. आम्हीं तें सर्व वाचलें, आणि सही केली.

स्टोअरकीपरची नोकरी गेली. वर्तमानपत्रांत पुन्हां चार ओळी आल्या. गांवाला हायसें वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि वाटलें. अपराधी सांपडला म्हणजे आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतून जें समाधान पसरतें, त्यांत न्यायाच्या आनंदापेक्षां सुटकेचा भाग अधिक असतो. तो आपण नव्हतों आणि आपल्या ओळखीचा कोणी नव्हता, एवढ्यावर रात्रीचें जेवण गोड लागतें.

त्याच उन्हाळ्यांत मुंबईस एका वकील मित्राच्या घरीं उतरलों असतां त्यांच्या कपाटांत न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी-आयोगाचा अहवाल आमच्या हातीं लागला. त्याचा विषय आम्हांस अपरिचित नव्हता. १९८६ सालीं आम्ही नुकतेच कॉलेजांत पाऊल टाकलें होतें, आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून जे. जे. इस्पितळांतील मृत्यूंच्या बातम्या रोज येत. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यानें भायखळ्यास १८४५ सालीं निघालेलें तें इस्पितळ, आणि त्याच्या शेजारीं त्याच सालीं निघालेलें ग्रँट मेडिकल कॉलेज. मुंबई इलाख्यांतील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या तेथें शिकल्या. त्या इस्पितळांत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत चौदा रोगी एकाएकीं दगावले. मेंदूवरचा व डोळ्यांतील दाब कमी व्हावा म्हणून पोटांत ग्लिसरीन देण्याची पद्धत असे. तें दिल्यावर या रोग्यांचीं मूत्रपिंडें बंद पडलीं. दुखणें एका जागचें होतें आणि मरण दुसऱ्याच वाटेनें आलें. पुढें कळलें तें असें कीं, त्या ग्लिसरिनांत डायएथिलीन ग्लायकॉल नांवाचें कारखान्यांत वापरावयाचें द्रव्य मिसळलेलें होतें. तें ग्लिसरिनासारखेंच बिनरंगी, तसेंच दाट, चवीलाहि गोड, आणि किंमतीनें स्वस्त असतें. डोळ्यांनीं व जिभेनें दोहोंतला भेद कळत नाहीं. तो कळण्यास चांचणी करावी लागते, आणि केलेली चांचणी खरी असावी लागते.

आमच्या समितीच्या रीतीनें या प्रकरणाची चौकशी झाली असती तर तिला एक आठवडा पुरला असता. औषध कोणीं पाजलें? परिचारिकेनें. तिच्या हातीं कोणीं दिलें? भांडारांतल्या माणसानें. दोघांनीं बाटलींतील द्रव पारखून पाहिला होता काय? नाहीं. झालें, जबाबदारी निश्चित. परंतु मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें बाटलीचा माग उलट दिशेनें काढला. खाटेपासून भांडारापर्यंत, भांडारापासून पुरवठादारापर्यंत, पुरवठादारापासून त्याला काम देणाऱ्या दर-करारापर्यंत, आणि तेथून परवाना देणाऱ्या खात्यापर्यंत तो वर वर जात राहिला. १९८७ सालच्या त्या अहवालांत परवानाधारक, दाखले देणाऱ्या प्रयोगशाळा, दर-करार हातीं असलेले उद्योग खात्यांतले लोक, उत्पादक, व्यापारी, अन्न व औषध प्रशासन, आणि थेट मंत्रिपदावरील व्यक्ति, यांच्यामधील देवघेवीचें जाळें आयोगानें उघड करून दाखविलें. त्याची झळ मंत्रिमंडळापर्यंत पोंचली. विष बाटलींत एका माणसानें घातलें असेल. पण तें रोग्याच्या तोंडापर्यंत जावें म्हणून वाटेंतल्या कितीतरी माणसांना आपापल्या जागीं बसून न पाहतां सही करावी लागली होती. कांहींनीं पैसे घेऊन केली, कांहींनीं संवयीनें केली. रोग्याच्या दृष्टीनें दोहोंत भेद नव्हता.

अशा आयोगांच्या मर्यादा आम्ही जाणतों. १९५२ च्या चौकशी-आयोगांच्या कायद्याप्रमाणें त्यांचे निष्कर्ष हे न्यायालयाचे निवाडे नसतात. ते सरकारवर बंधनकारक नसतात. शिक्षा व्हावयाची तर खटला निराळा भरावा लागतो. आणि जें विष १९८६ सालीं मुंबईनें पाहिलें तें त्यानंतर नाहींसें झालें असेंहि नाहीं. १९९८ सालीं दिल्लीच्या परिसरांत आणि २०२० च्या सुमारास जम्मूकडे लहान मुलें त्याच द्रव्यानें दगावलीं. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबियांत सुमारें सत्तर मुलें गेलीं, तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांविषयीं इशारा दिला. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत पुन्हां तेंच घडलें. लेंटिन यांचा अहवाल कपाटांत होता, आणि कपाट बंद होतें.

याच द्रव्याची एक जुनी गोष्ट आमच्या ‘कार्यकक्षे’वर अधिक प्रकाश पाडते. १९३७ सालीं अमेरिकेंत एका कंपनीनें सल्फानिलॅमाइड हें औषध त्यांत विरघळवून विकलें, आणि शंभराहून अधिक माणसें, त्यांत पुष्कळ मुलें, प्राणांस मुकलीं. सरकारी तपासनीस गांवोगांव हिंडून विकलेल्या बाटल्या परत गोळा करूं लागले. परंतु औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याची खात्री करून घेण्याचें बंधन त्या वेळच्या तेथील कायद्यांत नव्हतें. त्यामुळें कंपनीवर मृत्यूंबद्दल आरोप ठेवतां येईना. ठेवला तो नांवाबद्दल. औषधास ‘एलिक्झिर’ म्हटलें होतें, त्या शब्दाप्रमाणें त्यांत मद्यार्क असावयास हवा होता, आणि तो नव्हता. एवढ्या मनुष्यहानीचें प्रकरण एका शब्दाच्या अर्थापाशीं येऊन थांबलें! मात्र तेथील लोक तेवढ्यावर संतुष्ट राहिले नाहींत. कायद्याची कक्षा अपुरी आहे हें त्यांनीं ओळखलें आणि १९३८ सालीं नवा कायदा केला. आम्हीं आमची कक्षा अपुरी आहे हें ओळखलें होतें. पण त्या ओळखीचा उपयोग आम्हीं स्वस्थ बसण्याकडे केला.

मुंबईहून परत आल्यावर जूनमध्यें कॉलेजांत प्रवेशाची गर्दी सुरू झाली. एके दिवशीं दुपारीं रांगेंतून एक गृहस्थ टेबलाशीं आले. खिशांत दोन पेनें पाहून आम्हीं ओळखलें. बरोबर त्यांची मुलगी होती. तिला बारावीला चांगले गुण मिळाले होते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाकरितां गुणपत्रकाच्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी होती. आम्हीं संकोचानें विचारलें, सध्यां काय चाललें आहे? ते म्हणाले, “मार्केट यार्डांत एका अडत्याच्या पेढीवर जमाखर्च लिहितों, सर. तिथं मात्र कांटा स्वतः पाहिल्याशिवाय वजन लिहीत नाहीं.” त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता, एखादा माणूस आपण औषध नियमानें घेतों असें सांगतो, तसें तें सांगणें होतें. आम्हीं नकला पुढें ओढल्या आणि मूळ गुणपत्रक मागितलें. त्यांनीं तें काढून दिलें, पण जरा आश्चर्यानें म्हणाले, “आतांपर्यंत कुणीं मूळ पाहिलं नव्हतं. आपली सही काय, सर, सगळीकडे चालते.”

आम्हीं एकेक आंकडा ताडून सह्या केल्या. रांगेंतली मुलें कंटाळलीं. तीं दोघें नमस्कार करून गेलीं, आणि तें वाक्य टेबलावर राहिलें. आपली सही सगळीकडे चालते. त्यांचीहि चालली होती. माल न पाहतां ‘माल मिळाला’ असें त्यांनीं लिहिलें, म्हणून त्यांस आम्हीं दोषी ठरविलें. आणि सत्य हातीं आलें नसतां ‘चौकशी झाली’ असें आम्हीं लिहिलें. त्यांच्यावर वरच्यांचा दाब होता, आमच्यावर वडीलधाऱ्यांचा संकोच होता. त्यांची नोकरी गेली, आणि आम्हांस विश्वस्तांकडून आभाराचें पत्र व एक शाल मिळाली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप येईना. समितीचे आमच्याकडचे कागद पुन्हां पाहावे म्हणून कपाट उघडलें, तेव्हां त्यांच्याच खालीं मातोश्रींच्या मोतीबिंदूचें बिल निघालें. समिति नेमली जाण्याच्या जेमतेम महिनाभर आधींचें तें होतें. बिल कमी आलें याचें आम्हांस त्या वेळीं कौतुक वाटलें होतें, विश्वस्तांपैकीं एकांनीं खांद्यावर हात ठेवून, “प्रोफेसरसाहेबांकडून काय घ्यायचं!” असें म्हटलेंहि होतें. आतां आम्हीं तें पहिल्यानेंच वाचलें. वरच्या कोपऱ्यांत ‘दु. घ.’ अशीं दोन अक्षरें होतीं. त्यांचा अर्थ आम्हांस कळावयास नको होता, परंतु चार बैठकांत आम्ही तीं अक्षरें शेंकडों वेळां साठावहींत पाहिलीं होतीं. दुर्बल घटक! मागें अर्जाची नक्कल टांचलेली होती. अर्जदाराचें कुटुंब दुर्बल घटकांत मोडतें, अशा मजकुराखालीं अर्जदाराची सही होती. ती आमची होती. दाखल करतेवेळीं कारकुनानें चार कागद पुढें सरकविले आणि आम्हीं चार सह्या केल्या, एवढेंच आम्हांस आठवत होतें. सरकारी पगार घेणारा प्राध्यापक त्या दिवशीं दुर्बल झाला होता, आणि शंभरांतल्या दहा खाटांपैकीं एक खाट त्याच्या आईनें अडविली होती. त्या दिवशीं कडुलिंबाखालून कोणाला परत पाठविलें, तें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नाहीं.

ज्या संस्थेची चौकशी आम्हीं केली, तिच्या उपकाराखालीं आम्ही चौकशीपूर्वींच आलेलों होतों. आणि तें आम्हांस ठाऊकहि नव्हतें. कदाचित् विश्वस्तांनाहि त्यांत कांहीं गैर वाटलें नसेल. लांच म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतें. परंतु आपल्या घरांत लांच पाकिटांतून येत नाहीं. ती सौजन्याच्या रूपानें येते, ओळखीनें मिळालेल्या खोलींतून येते, “तुमच्याकडून काय घ्यायचं” या शब्दांतून येते. पाकीट परत करतां येतें. सौजन्य परत करणें असभ्यपणाचें वाटतें, आणि मग कार्यकक्षेबाहेर पाहण्याचें धैर्य राहत नाहीं. स्टोअरकीपरला ‘वरून’ कोण सांगत असे, हें जाणण्याची आम्हांस त्या दिवशीं विशेष आतुरता कां नव्हती, याचें उत्तर आम्हांस त्या बिलांत सांपडलें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं संस्थेस पत्र लिहिलें. पूर्ण बिल आणि आम्हीं भरलेली रक्कम यांतील फरक सोबत पाठवीत आहों. आमची सही चुकीच्या कागदावर झाली होती. तसेंच तिन्ही दरपत्रकांतील सातवा व अकरावा क्रमांक विश्वस्तांनीं स्वतः पाहावा, आणि चौकशी पुन्हां व्हावी. याच पत्राची एक प्रत योग्य त्या कचेरीकडे पाठविली. कचेरीकडून पोंच आली. चौकशी पुन्हां झाली नाहीं. पुढच्या वर्षीं आमची बदली झाली. त्यानंतर आम्हीं पाठपुरावा करावयास हवा होता, तो केला नाहीं, हेंहि येथें लिहिलें पाहिजे. नाहींतर हा लेखहि आमच्या त्या अहवालासारखाच होईल, ज्यांत एकहि वाक्य खोटें नव्हतें.

आतां आम्ही प्रत्येक कागद वाचून सही करतों. त्यामुळें फार वेळ लागतो, शिपाई कुरकुरतात, आणि नवे सहकारी आम्हांस वृद्धत्व आलें असें समजतात. मंडळी म्हणतात, ही खबरदारी पंधरा वर्षें उशिरा सुचली. त्यांचें म्हणणें खरें आहे.

पत्रासोबत पाठविलेल्या पैशांची पावती मात्र संस्थेनें तत्परतेनें धाडली होती. ती आमच्याजवळ आहे. तिच्यावर रक्कम बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, आमचें नांवहि बरोबर आहे. कशाबद्दल, या रकान्यांत ‘उदार देणगी’ असें लिहिलें आहे, आणि खालीं कोणाची तरी सही आहे.